मालावर नाव दुसऱ्याचं

(माण, ता. मुळशी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शिवकाल, शेती, आरोग्य असे विषय होत आले. यंदा कार्यकर्ते आले आणि म्हणाले, "कंपन्यांवर बोला. गावात सगळं कंपन्यांमुळेच चाललंय, पण कंपनी म्हणजे नेमकं काय प्रकरण असतं ते कुणी सांगत नाही." मागणी रास्त होती. हिंजवडीचं म्हणून जे इन्फोटेक पार्क ओळखलं जातं त्याचा मोठा भाग माणच्या शिवारात आहे. शिवाजीनगरला जाणाऱ्या २३.३ किलोमीटरच्या मेट्रोचा डेपोही माणलाच. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, ज्यांच्या घरातलं कुणी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे, अशी सगळी मंडळी समोर बसली आहेत.

तरी मी काचेच्या इमारतींवर बोलणार नाही. त्यांच्या पाट्या तुम्हाला रोज दिसतात. मी जेबिल नावाच्या कंपनीवर बोलणार आहे. नाव ऐकलेलं असेल तर ते रांजणगावला कामाला जाणाऱ्यांनीच. बाकीच्यांनी ऐकायचं कारण नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षात या कंपनीची जगभरातली विक्री ३४.७ अब्ज डॉलर होती, आणि तरी तुमच्या घरातल्या एकाही वस्तूवर तिचं नाव सापडणार नाही. वस्तू तिने बनवलेली असू शकते. नाव दुसऱ्याचं असतं. या धंद्याला ईएमएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स मॅन्युफॅक्चरिंग सर्व्हिसेस म्हणतात. आपल्या पट्ट्यात याला फार जुना आणि सरळ शब्द आहे: जॉबवर्क.

सुरुवात १९६६ पासून करू. हे साल आपल्याकडेही महत्त्वाचं आहे. एमआयडीसी १९६२ ची, आणि १९६६ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरीत आली. सुमंत मुळगावकरांनी इथे ट्रक काढायच्या आधी हत्यारं बनवणारा विभाग आणि माणसं शिकवणारा विभाग उभा केला. लोक हसत असतील तेव्हा. ट्रकचा कारखाना म्हणे, आणि ट्रक कुठाय? पण आज भोसरी, चिंचवड, चाकणला जे टूलरूमवाले आहेत, डाय बनवणारे आहेत, त्यांची कुळी शोधत गेलात तर निम्म्याहून अधिकांची वाट टेल्कोच्या नाहीतर बजाजच्या गेटापाशी जाईल. कुणी तिथे अॅप्रेंटिस होता, कुणाचा बाप होता. पुढे गाळा घेतला, एक लेथ टाकली आणि पहिलं काम मागितलं ते जुन्या साहेबाकडेच.

त्याच १९६६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला, म्हणजे मोटारींच्याच गावात, जेम्स गोल्डन आणि विल्यम मोरियन या दोघांनी एक लहानसा उद्योग काढला. जेम्समधला 'जे' आणि विल्यमचं घरगुती 'बिल' जोडून जेबिल. काम काय, तर कंट्रोल डेटा या संगणक कंपनीचे सर्किट बोर्ड जोडून आणि दुरुस्त करून द्यायचे. मोठ्या कंपनीला जे काम उरकत नाही ते बाहेर द्यायचं, आणि बाहेरच्याने ते गुपचूप करून परत पाठवायचं. भोसरीतल्या कुठल्याही गाळेवाल्याला ही गोष्ट समजवावी लागणार नाही.

या धंद्यातल्या बाकीच्या मोठ्या नावांचे जन्मही असेच आहेत. १९६१ साली अलाबामातल्या हंट्सव्हिलला एससीआय निघाली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकेन्झी नावाचं जोडपं सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांचे जादा बोर्ड घरच्या घरी भरून द्यायचं. नवराबायको रात्री बसून सुटे भाग बोर्डाच्या भोकांत खोवायचे आणि डाक द्यायचे. त्या उद्योगाची पुढे फ्लेक्स्ट्रॉनिक्स झाली. सगळ्यांचीच सुरुवात उरलंसुरलं काम घेऊन. धंदा म्हणून याला कुणी इज्जत देत नव्हतं.

मग हे लोक इतके मोठे कसे झाले? पहिलं कारण मशिनांचं. १९८० च्या आधी इलेक्ट्रॉनिक भागांना तारेचे पाय असत. ते पाय बोर्डाच्या भोकांतून घालायचे आणि खालून सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड न्यायचा. हात भरपूर लागत, मशीन कमी. त्या दशकात सरफेस माउंट आलं. भागांचे तारेचे लांब पाय गेले, भाग बारीक झाले आणि बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटू लागले. इतकी बारीक वस्तू हाताने बसवता येत नाही, मशीनच लागतं. मशिनाची किंमत डोळे फिरवणारी, आणि पाचसहा वर्षांत ते जुनं होतं. एका ब्रँडच्या एका मालावर ते तिन्ही पाळ्यांत चालवणं परवडत नाही. ज्याच्याकडे दहा गिऱ्हाइकांचं काम आहे त्याला परवडतं. इथून पारडं फिरलं.

दुसरं कारण खरेदीचं, आणि ते मला मशिनांहून महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला ब्रँडवाली कंपनी सगळे भाग स्वतः विकत घेऊन पाठवायची, जॉबवर्कवाला फक्त जोडायचा. कापड तुमचं, शिलाई माझी. मग जॉबवर्कवाला म्हणू लागला, कापडही मीच आणतो. मी दहा जणांसाठी घेतो, मला स्वस्त पडतं. याला टर्नकी म्हणतात. ज्या दिवशी शिंप्याच्या हातात कापडबाजार आला त्या दिवशी तो नुसता शिंपी राहिला नाही. कुठला कपॅसिटर जपानात कुणाकडे मिळतो, किती आठवडे लागतात, कुणाचा माल पावसाळ्यात दगा देतो, हे ज्ञान ब्रँडवाल्यांच्या स्टोअरमधून या लोकांच्या परचेस खात्यात गेलं, आणि ते परत आलं नाही.

१९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला तेव्हा त्याचे बोर्ड एससीआयने बनवले. आयबीएमसारखी कंपनी बाहेरून बोर्ड घेते म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. जेबिलला १९७९ मध्येच जनरल मोटर्सचं मोठ्या संख्येचं काम मिळालं होतं, म्हणजे तिला मोठं केलं ते मोटारींनी. चाकणच्या शेजारी बसून आपण हे ऐकतोय, म्हणून सांगितलं. पुढे ती फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला गेली आणि १९९३ मध्ये शेअर बाजारात उतरली.

नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी नुसतं काम बाहेर देण्यावर न थांबता कारखानेच विकायला काढले. १९९२ मध्ये सोलेक्ट्रॉन या कंपनीने आयबीएमचे फ्रान्समधल्या बोर्दोचे आणि अमेरिकेतल्या शार्लटचे विभाग घेतले. ही सोलेक्ट्रॉन साधीसुधी नव्हती. अमेरिकेचा गुणवत्तेचा राष्ट्रीय बाल्ड्रिज पुरस्कार तिने १९९१ आणि १९९७ असा दोनदा मिळवला. नाव नसलेल्या कंपनीने नावाजलेल्यांना दर्जात मागे टाकलं. तेच कामगार, तेच मशीन, तोच माल. गेटावरची पाटी आणि पगाराचा चेक तेवढा बदलला.

याच लाटेत पुणे जिल्हा येतो. फिलिप्सचा लोणी काळभोरचा कारखाना जुन्या लोकांना आठवत असेल. घरोघरचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, त्यांवर फिलिप्सचं नाव. सोलापूर रस्त्याने जाताना एसटीतून ती पाटी दिसायची. त्या फिलिप्सने जगभरातलं आपलं कंत्राटी उत्पादनाचं खातं २००२ मध्ये जेबिलला विकलं. ते खातं ज्या देशांत पसरलं होतं त्यांत भारत होता. पुढे जेबिलचा इथला मोठा कारखाना रांजणगावच्या एमआयडीसीत उभा राहिला. रांजणगाव म्हटलं की आपल्याला महागणपती आठवतो, फार तर एलजीचा टीव्ही नि फ्रीज. त्यांच्या बातम्या झाल्या, जाहिराती झाल्या. जेबिलची जाहिरात तुम्ही कुठे बघणार? तिला गिऱ्हाईक म्हणून तुम्ही-आम्ही नकोच आहोत.

अशा कारखान्यात नेमकं चालतं काय, ते जरा जवळून सांगतो. कारण 'जोडणी' म्हटलं की लोकांना स्क्रू पिळणारी पोरं डोळ्यासमोर येतात, आणि पुढारीसुद्धा भाषणात "नुसतं असेंब्ली" म्हणून नाक मुरडतात.

लाईनच्या सुरुवातीला फ्रिज असतो, आणि त्यात सोल्डर पेस्ट. करड्या रंगाचं मलम. कथील, थोडी चांदी, थोडं तांबं यांची अतिबारीक भुकटी फ्लक्समध्ये कालवलेली. शिसं २००६ च्या युरोपीय नियमानंतर जवळजवळ गेलं. डबा फ्रिजमधून काढला की काही तास तसाच ठेवायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. घाई करून झाकण उघडलं तर हवेतलं बाष्प आत धरतं आणि पेस्ट बिघडते. मग पोलादी पत्र्याची स्टेन्सिल, जाडी एका मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. तिच्या भोकांतून पेस्ट बोर्डावर छापायची. जुना लाईन इंजिनिअर सांगेल की पुढच्या बहुतेक तक्रारी इथेच जन्माला येतात. पेस्ट कमी पडली की जोड कच्चा, जास्त पडली की दोन पायांत पूल.

मग पिक अँड प्लेस. फिल्मच्या रिळासारख्या रिळांतून भाग येतात, मशीनच्या नळ्या ते हवेने ओढून उचलतात आणि बोर्डावर ठेवतात, तासाला हजारोंनी. त्यातला नेहमीचा एक रेझिस्टर म्हणजे लांबी एक मिलिमीटर, रुंदी अर्धा. पुढे रिफ्लो ओव्हन: बोर्ड पट्ट्यावरून सावकाश जातो, उष्णता टप्प्याटप्प्याने चढते, दोनशे सतरा अंशांच्या आसपास सोल्डर वितळतं आणि उतरताना आळतं. शेवटी कॅमेऱ्याची तपासणी, विजेची तपासणी, आणि एवढं करूनही जे सुटतं ते भिंग घेऊन बसलेल्या मुलींच्या नजरेत सापडतं.

यात आपल्या हवेचा मोठा हात असतो. आयसीची, म्हणजे चिपची, सीलबंद पिशवी उघडली की तिचं घड्याळ सुरू होतं. एका नेहमीच्या वर्गातल्या आयसीला १६८ तास मिळतात. तेवढ्यात ती वापरली नाही तर दमट हवेतलं पाणी आत शिरतं, ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि आयसी आतून फुटते. बाहेरून काही दिसत नाही. जून-जुलैत म्हणून स्टोअरवाला पिशव्यांवरच्या वेळा वाचत बसतो. आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलट भीती, अंगावरच्या स्थिर विजेची. आपल्याला कळणारही नाही एवढा झटका आयसीला पुरतो. म्हणून मनगटाला पट्टा, टाचेला पट्टी, अंगात खास कोट. आत जाताना प्रत्येकाने एका यंत्रावर उभं राहून हिरवा दिवा लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. साहेब असो की हाऊसकीपिंगची बाई, नियम एकच.

हे पुस्तकातून कमी आणि हाताने जास्त शिकायचं ज्ञान आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेला मुलगा अशा लाईनवर चारपाच वर्षं काढतो तेव्हा त्याला ओव्हनचा आलेख बघून कुठला झोन ढिला आहे ते कळायला लागतं. त्या मुलाला पुढे कुठेही काम मिळतं, दवाखान्याच्या यंत्रांत, गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये, मीटरच्या कारखान्यात. मुळगावकरांच्या टेल्कोने लेथवाल्यांची पिढी दिली. तशी इलेक्ट्रॉनिक्सची पिढी घडत असेल तर ती अशा बिननावाच्या शेडमध्ये घडते आहे.

आता याची दुसरी बाजू. मघाशी ३४.७ अब्ज डॉलर विक्री सांगितली. त्या वर्षीचा निव्वळ नफा होता सुमारे ८१ कोटी ८० लाख डॉलर. म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागे दोन रुपये छत्तीस पैसे. किराणा दुकानदारसुद्धा यावर तोंड वाकडं करील. एवढ्या बारीक नफ्यावर जी कंपनी चालते ती प्रत्येक मिनिटाचा, प्रत्येक रिळाचा आणि प्रत्येक माणसाचा हिशोब धरते. काम वाढलं की कंत्राटावर पोरं घ्यायची, उतरलं की थांबवायची. शिरूर-रांजणगावच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भातून आलेली जी मुलं राहतात, त्यांच्यात 'परमनंट' हा शब्द कसा उच्चारला जातो ते एकदा ऐकावं. ट्रेनी म्हणून घ्यायचं, मुदत संपली की दुसऱ्या गेटावर परत ट्रेनी. ही एका कंपनीची गोष्ट नाही, सगळ्या पट्ट्याची आहे, मोटारीवाल्यांचीही. पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये ऑर्डर जशी झटक्यात चढते तशी झटक्यात उतरते, म्हणून तिथे ती जास्त बोचते.

२००१ चं उदाहरण घ्या. इंटरनेटचा फुगा फुटला. सिस्को कंपनीने नेटवर्कच्या यंत्रांच्या बेसुमार ऑर्डरी देऊन ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकं नाहीशी झाली आणि तिला सव्वादोन अब्ज डॉलरचा माल खात्यातून खोडावा लागला. अशा ऑर्डरींवर मोठ्या झालेल्या, दोनदा पुरस्कार मिळवलेल्या सोलेक्ट्रॉनचं कंबरडं मोडलं ते पुन्हा सरळ झालं नाही. २००७ मध्ये त्या जोडप्याच्या घरगुती उद्योगातून वाढलेल्या फ्लेक्स्ट्रॉनिक्सने तिला ३.६ अब्ज डॉलरला गिळलं. आपल्या देशातलं उदाहरण तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरचं. नोकियाचा तिथला कारखाना २००६ मध्ये सुरू झाला, भोवती भाग पुरवणाऱ्यांची आळी वसली. कराचा तंटा झाला, नोकियाचा मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला पण कारखाना त्यात गेला नाही, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद पडला. त्याच डिसेंबरात शेजारच्या फॉक्सकॉन या जॉबवर्कवाल्या कंपनीनेही काम थांबवलं. नोकिया आणि फॉक्सकॉन गेले तरी शिकलेले हात तिथेच राहिले. पुढे अॅपलचं काम आलं तेव्हा तमिळनाडू पुढे का होतं, याची निम्मी कारणं त्या बंद कारखान्याने घडवलेल्या माणसांत आहेत असं माझं मत आहे.

आणि आपण काय करत होतो? ८ ऑगस्ट २०१५ ला मुंबईत फॉक्सकॉनचे टेरी गौ आले, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या उपस्थितीत करार झाला: पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर, पन्नास हजार नोकऱ्या. पेपरांची पहिली पानं भरली. आपल्या भागात जमिनीचे दलाल कामाला लागले, कुठे येणार, तळेगाव की आणखी कुठे. २०२० च्या जानेवारीत उद्योगमंत्री सुभाष देसाईंनी सांगितलं की फॉक्सकॉन येत नाही. मग २०२२. वेदांत आणि फॉक्सकॉन मिळून सेमीकंडक्टरचा प्रकल्प, दीड लाख कोटींच्या पुढचा आकडा, तळेगावला येणार म्हणून बोलणी चाललेली, आणि सप्टेंबरात करार झाला गुजरातशी. काय गदारोळ उठला! सभागृहात, टीव्हीवर, पारावर. कुणी घालवला, कुणामुळे गेला. १० जुलै २०२३ ला फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. म्हणजे ज्याच्या जाण्यावरून आपण वर्षभर भांडलो ते तिकडेही उभं राहिलं नाही.

या सगळ्या काळात रांजणगावला जेबिलच्या लाईनी चालू होत्या, आणि त्यांच्यावरून सभागृहात कुणी भांडलं नाही. २०२३ च्या सुमारास बातमी आली की अॅपलच्या एअरपॉडची प्लास्टिकची कवचं पुण्याच्या जेबिलमध्ये बनतात आणि जोडणीसाठी चीन-व्हिएतनामला जातात. बोर्ड जोडणारी कंपनी प्लास्टिक कशाला बनवते, असं वाटेल. तर २००७ च्या सुमारास तिने तैवानची ग्रीन पॉइंट घेतली, २०१३ मध्ये प्लास्टिकच्या साच्यांतली नायप्रो घेतली, आणि २०१७ मध्ये नावातला 'सर्किट' शब्दही टाकून दिला. २०२३ मध्ये मोबाइलच्या भागांचा धंदा चीनच्या बीवायडी इलेक्ट्रॉनिकला २.२ अब्ज डॉलरला विकला. घ्यायचं, चालवायचं, विकायचं. यात भावनेला जागा नाही. जाता जाता एक गंमत: २०२४ पासून या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत माइक दस्तूर, आणि त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची आहे. तेवढ्याने आनंदून जायचं कारण नाही. जेबिलने पुढची मोठी गुंतवणूक २०२४ मध्ये जाहीर केली ती तिरुचिरापल्लीला, दोन हजार कोटींची.

मग इथे अडतं कुठे? जमीन महाग हे खरं, रस्त्यांवरच्या कोंडीबद्दल माणकरांना मी काय सांगणार. पण मूळ दुखणं सुट्या भागांचं आहे. मुंबईत अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ निघालं ते खास इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. टंडन कुटुंबाच्या कंपनीने १९८० च्या दशकात तिथे फ्लॉपी ड्राइव्हचे भाग बनवून अमेरिकेला पाठवले. आज रांजणगावात आलेली सिर्मा एसजीएस त्याच टंडन मंडळींशी नातं सांगते. म्हणजे आपल्याला हे येत नव्हतं असं नाही. पण १९९७ मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरचा आयात कर उतरवण्याच्या जागतिक करारावर सही केली, आणि २००५ पर्यंत तो शून्यावर आला. तयार माल बिनकराचा येऊ लागल्यावर इथे भाग बनवणाराला कोण विचारतो? कपॅसिटर, कनेक्टर, बोर्ड बनवणारे लहान कारखानदार एकेक करून थकले. सॉफ्टवेअरला त्याच काळात भरती आली, आणि माणची शेतं पार्कात गेली. एका करारावरची सही आणि इथला सातबारा यांचा असा संबंध आहे.

आता सरकार उलट दिशेने जोर लावतंय. २०२० पासून उत्पादनावर प्रोत्साहन, २०२२ मध्ये रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्सचा समूह, त्याला ४९२ कोटी ८५ लाख, आणि २०२५ मध्ये खास सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना. पैसा चांगलाच आहे. पण पैशाने सुटत नाही अशी एक गाठ आहे, आणि आज मला मुख्यतः तीच सांगायची होती.

प्रत्येक बोर्डाची एक यादी असते, बिल ऑफ मटेरियल. तिच्यासोबत दुसरी यादी, एव्हीएल, मान्यताप्राप्त पुरवठादारांची. रिळावर अमुक कंपनीचाच रेझिस्टर चढेल, तमुकचा नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. भोसरीतल्या गाळेवाल्याने उत्तम ट्रान्सफॉर्मर बनवला, सरकारकडून अनुदानही मिळालं, आणि तो रांजणगावच्या गेटावर नमुना घेऊन गेला, तर परचेसवाला त्याला चहा पाजून परत पाठवील. त्याच्या हातात नाहीच. जेबिलसारखी कंपनी रोजच्या साध्या भागांत थोडं इकडेतिकडे करू शकते, पण महत्त्वाच्या भागांवर नाव लिहिलं जातं ते डिझाइन करणाराच्या टेबलावर, उत्पादनाच्या वर्ष-दोन वर्षं आधी. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा झाला, महिंद्राने सप्टेंबरात उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी घटेल असं जाहीर केलं, चाकणच्या ट्रकवाल्यांनी आपल्या गाड्या उभ्या केल्या. तेव्हाही अडचण हीच होती: यादीत जे नाव आहे त्याचाच माल हवा, आणि दुसरं नाव यादीत घालायला महिनोन्महिने चाचण्या.

हे डिझाइनचं टेबल कुठे आहे? काही जर्मनीत, काही कॅलिफोर्नियात, काही शेन्झेनमध्ये. आणि काही या सभागृहापासून दोनतीन किलोमीटरवर. हिंजवडी-माणच्या इमारतींत परदेशी मोटार कंपन्यांच्या कंट्रोल युनिटवर, दवाखान्याच्या यंत्रांवर, मीटरवर काम करणारी शेकडो इंजिनिअर मुलंमुली आहेत. सॉफ्टवेअर लिहितात, सर्किट आखतात, भाग निवडून सुचवतात. आपल्याकडे लग्न जमवताना 'आयटीत आहे' आणि 'कंपनीत आहे' असे दोन रकाने असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. पार्कातला मुलगा भाग निवडतो तो वेबसाइटवरच्या कॅटलॉगातून, कारण भोसरीत तो बनतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि भोसरीवाल्याला माहीत नसतं की आपलं नाव जिथे लिहिलं जायला हवं ते टेबल माणमध्ये आहे. तो बिचारा रांजणगावच्या गेटावर उभा.

टेल्कोच्या काळात हे अंतर नव्हतं. ड्रॉइंग काढणारा, टूल बनवणारा आणि बाहेरचा जॉबवर्कवाला एकाच आवारात भेटत. इंजिनिअर स्वतः गाळ्यावर जाऊन बसे आणि माप चुकलं तर शिव्या घालून, चहा पिऊन, दुरुस्त करून घेई. असं काही इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हायचं असेल तर त्याला मंत्रालयातल्या करारापेक्षा एक टेम्पो ट्रॅव्हलर जास्त उपयोगी पडेल: इकडच्या पार्कातली पंधरा डिझाइनची मंडळी भरायची, भोसरीत दोन गाळे दाखवायचे, आणि तिथून रांजणगावच्या लाईनवर न्यायचं. कार्यकर्त्यांनी पुढच्या वर्षीच्या मालेचा एक दिवस त्याला दिला तर सोबत यायला मी तयार आहे, फक्त नगर रस्त्यावर कोंडी लागायच्या आत निघावं लागेल. आता प्रश्न असतील ते घेतो.